फिलहार्मोनिकची पहिली श्रेणी: पार्श्वभूमी

लिव्हरपूलमध्ये होप स्ट्रीट आणि हार्डमन स्ट्रीट मिळतात त्या कोपऱ्यावरच्या ‘फिलहार्मोनिक डायनिंग रूम्स’ या पबच्या इमारतीला फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंडच्या संरक्षित वारसा इमारतींच्या यादीत पहिली श्रेणी मिळाली. तेव्हापासून ‘इंग्लंडमधला पहिल्या श्रेणीचा पहिला पब’ अशी तिची ओळख करून दिली जाते. ही ओळख चुकीची आहे. निर्णयाच्या वेळचं विधान वेगळं होतं: मुळात पब म्हणूनच बांधलेल्या व्हिक्टोरियन इमारतींपैकी ही पहिली. सांगोवांगीत नेमके हेच शब्द गळतात.

‘मुळात पब म्हणून बांधलेली’ हे आधी पाहू. लंडनच्या सदर्कमधलं ‘जॉर्ज इन’ याच्या कितीतरी आधीपासून पहिल्या श्रेणीत आहे. १६७६ च्या आगीनंतर १६७७ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. अंगणाभोवती लाकडी सज्जे असलेली ती घोडागाडीच्या प्रवाशांची सराय होती. १८८९ मध्ये रेल्वेसाठी तिच्या दोन बाजू पाडल्या, एकच उरली. आज तिथे बिअर मिळते, पण श्रेणी मिळाली ती सरायीला. पबची गोष्ट निराळी. जिन पॅलेस म्हणजे जिन विकणाऱ्या सजवलेल्या दारूगुत्त्यांचा झगमगाट, बिअरविक्री सोपी करणाऱ्या १८३० च्या कायद्यानंतर गल्लोगल्ली उघडलेली बिअरची दुकानं, मग वर्गावर्गाचे गिऱ्हाईक वेगळे ठेवणारी लाकडी आणि काचेची पार्टिशनं, या सगळ्यातून पबची स्वतःची अशी बांधणी घडली. ती कुणी वास्तुकला म्हणून फारशी मोजलीच नव्हती.

१८९० च्या दशकात बिअर बनवणाऱ्या कंपन्या भागभांडवल उभं करून पब विकत घेत सुटल्या होत्या. दारूविक्रीचे परवाने देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांचा कल मात्र परवाने कमी करण्याकडे होता. असलेला परवाना टिकवायचा तर जागा प्रतिष्ठित दिसायला हवी, म्हणून पैसा सजावटीत ओतला गेला. फिलहार्मोनिक साधारण १८९८ ते १९०० या काळात उभं राहिलं, ते शहरातल्याच एका बिअर कारखानदारासाठी. नावात ‘डायनिंग रूम्स’ आहे, समोरच्या संगीतसभागृहाचं नाव उसनं घेतलं आहे. ते सभागृह १९३३ मध्ये जळालं, आजचं १९३९ चं आहे. म्हणजे ज्याचं नाव घेतलं त्याच्यापेक्षा पब आता वयाने मोठा आहे.

बाहेरून पाहिलं तर घडीव दगड, पायऱ्यापायऱ्यांची गेबल्स (छपराच्या टोकाला वर निघालेल्या भिंती), कोपऱ्यांवर बुरुज आणि पुढे आलेल्या खिडक्या दिसतात. प्रवेशद्वाराची लोखंड आणि तांब्याची जाळी पाहायला मात्र थांबावंच लागतं. तिच्या वेलींसारख्या वळणांत आर्ट नूव्हो ही १९०० च्या सुमाराची वळणदार शैली इतकी मोकळी झाली आहे की इंग्लंडमध्ये या तोडीचं लोखंडकाम मला दुसरं माहीत नाही. आत बारच्या काउंटरचा दर्शनी भाग मोझॅकचा आहे. उभं राहून ग्लास उचलताना गुडघा त्या बारीक तुकड्यांना लागतो, इतकं ते काम रोजच्या वावरात आहे. आजूबाजूला महोगनीचं तक्तपोशीकाम, ठोकून उठाव आणलेले तांब्याचे पत्रे, प्लास्टरच्या स्त्रीमूर्ती आणि रंगीत काचा आहेत. हे काम तिथल्या विद्यापीठाशी जोडलेल्या कलाशाळेतल्या कारागिरांनी केलं. पुरुषांच्या स्वच्छतागृहातल्या गुलाबी छटेच्या मुताऱ्याही तितक्याच मन लावून केलेल्या आहेत, आणि लोक त्या पाहायला येतात.

‘व्हिक्टोरियन’ या शब्दावर माझा आक्षेप आहे. राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये वारली, त्यामुळे तारखेच्या हिशेबाने शब्द बरोबर ठरतो. पण रंगीत काचांमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातले दोन ब्रिटिश सेनानी आहेत, आणि ते युद्ध सुरू झालं १८९९ च्या ऑक्टोबरमध्ये. धातुकामाची शैली येणाऱ्या शतकाची आहे. या पबला व्हिक्टोरियन म्हणून मोकळं झालं, की त्यातलं जे सर्वांत नवं होतं तेच नजरेआड होतं.

खरा वाद श्रेणीचा आहे. इमारत यादीत आली १९६६ मध्ये, ‘दोन-तारांकित’ (दोनच्या पुढे तारा, म्हणजे ग्रेड II*) म्हणून. मुंबईच्या १९९५ च्या नियमावलीतल्या श्रेणी डोक्यात ठेवून वाचणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो. इंग्लंडमध्ये पहिली, दोन-तारांकित आणि दुसरी अशा तीन पायऱ्या आहेत. यादीतल्या नोंदींपैकी सुमारे अडीच टक्केच पहिल्या पायरीवर आहेत, नव्वद टक्क्यांहून जास्त शेवटच्या. पण कायद्याचं संरक्षण तिन्हींना एकच. परवानगीशिवाय यादीतल्या इमारतीचं वैशिष्ट्य बिघडेल असा बदल करणं गुन्हा आहे, मग श्रेणी कोणतीही असो. ‘दुसऱ्या श्रेणीत फक्त दर्शनी भाग संरक्षित’ हा समज तर साफ खोटा आहे. आतलं-बाहेरचं सगळं त्यात येतं. फरक पडतो तो प्रक्रियेत. वरच्या दोन पायऱ्यांवरच्या इमारतींसाठी आलेले परवानगीचे अर्ज स्थानिक प्रशासनाला राष्ट्रीय वारसा संस्थेला कळवावे लागतात. फिलहार्मोनिक ५४ वर्षं त्या वरच्या दोनांतच होतं.

मग २०२० मध्ये बदललं काय? कागदावर जवळपास काही नाही. माझ्या मते तरीही निर्णय योग्य होता, आणि फार उशिरा झाला. कॅथीड्रल आणि सरदारांचे वाडे ज्या पायरीवर आहेत, तिथे कामावरून सुटून प्यायला येणाऱ्यांची जागा बसली. १९६० च्या दशकात मालक कंपन्यांनी जुन्या पबांमधली पार्टिशनं पाडून एकेक मोठा हॉल केला, तेव्हा या इमारतींना कुणी कला म्हणत नव्हतं. आज अखंड राहिलेले अंतर्भाग बोटांवर मोजावेत असे झाले आहेत, ते त्यामुळेच.

यादीबाहेरच्या पबांचं काय होतं ते गेल्या काही वर्षांत दिसलं. लंडनच्या मेडा व्हेलमधला १९२० च्या सुमाराचा ‘कार्लटन टॅव्हर्न’ एप्रिल २०१५ मध्ये, यादीत घेण्याचा विचार चालू असतानाच पाडला गेला. स्थानिक प्रशासनाने तो होता तसाच पुन्हा बांधायला लावला आणि २०२१ मध्ये तो उघडला. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला नियोजन परवानगी लागते. तरी ऑगस्ट २०२३ मध्ये स्टॅफर्डशरचा कलता ‘क्रूकेड हाउस’ आधी जळाला आणि दोन दिवसांत जमीनदोस्त झाला. तोही यादीत नव्हता.

यादीतला पब वाचतो म्हणजे नेमकं काय वाचतं, हेही सांगायला हवं. यादी भिंती, फरशी, काच आणि लाकूड राखते. तिथे बिअर विकलीच पाहिजे, असं ती कुणाला सांगत नाही. फिलहार्मोनिकमध्ये आजवर दोन्ही टिकलं आहे, पण त्यातलं दुसरं टिकलं ते गिऱ्हाइकांमुळे. मागच्या बाजूचं जे भव्य दालन आता बैठकीसाठी वापरतात, तिथे मुळात बिलियर्ड्सची टेबलं होती. टेबलं गेली. वरच्या प्लास्टरच्या मूर्ती तशाच उभ्या आहेत.