उचिमुराची मालिका २०१२ मध्ये तुटली नव्हती

पुण्यात बालेवाडीला जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा असली की पालकांच्या गप्पांत एक गोष्ट हमखास ऐकू येते: जपानचा जिम्नॅस्ट कोहेई उचिमुरा २००९ ते २०११ ऑल-अराउंड (सहाही साधनांचे गुण मिळून) जगज्जेता होता, २०१२ ला हरला, मग पुन्हा तीनदा जिंकला.

हे साफ चूक आहे. २०१२ ला जागतिक स्पर्धा नव्हतीच, ते ऑलिंपिकचं वर्ष. लंडनचं ऑल-अराउंड सुवर्णही त्याचंच! म्हणजे २०१५ पर्यंत सलग सहा जागतिक विजेतेपदं.

रिओ ऑलिंपिकमध्येही, २०१६ ला, पाच साधनांनंतर ०.९०१ गुणांनी मागे असताना शेवटच्या साधनावर, हॉरिझॉन्टल बारवर (आडव्या दांड्यावर), त्याने युक्रेनच्या ओलेग वेर्निआयेवला ०.०९९ ने गाठून मागे टाकलं. ती कसरत मुलांना जरूर दाखवा.

मालिका थांबली २०१७ ला, माँट्रियलमध्ये. पात्रता फेरीत व्हॉल्टवर (धावत येऊन मारायच्या उडीत) त्याचा घोटा दुखावला.