काळ्या फत्तराच्या पोटात: दख्खनच्या स्फटिकांची पार्श्वभूमी

दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासल्या की पिवळसर उजेड चमकतो आणि जळकट वास येतो. हा उद्योग लहानपणी न केलेला माणूस आपल्याकडे विरळा. बहुतेकांची स्फटिकांशी ओळख तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. पण गारगोटी ज्या काळ्या खडकातून सुटून शेतात येते, त्याच्या पोटातले नमुने लंडन-वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत काचेआड मांडलेले आहेत. गंमत म्हणजे त्यांच्यासाठी मुद्दाम खणायला सुरुवातीला कोणी गेलंच नव्हतं.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे, दख्खनवर, लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यातला आज शिल्लक राहिलेला भागच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे. लाव्हा थिजताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकून पडले आणि बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या खडकात, पोकळ्या राहिल्या. काही वाटाण्याएवढ्या, तर काहींत माणूस वाकून शिरेल. पुढे खडकात मुरलेलं गरम पाणी त्यातली सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम विरघळवत फिरलं आणि पोकळ्यांत स्फटिक धरत गेले. हे सगळं लाव्हाबरोबरच झालं असं मात्र नाही. काही स्फटिक कोट्यवधी वर्षं उशिराचे आहेत. बहुतेकदा पोकळीच्या भिंतीला आधी गारेचं, म्हणजे क्वार्ट्झचं, अस्तर, त्यावर ह्यूलंडाइट, स्टिल्बाइट आणि शेवटी ॲपोफायलाइट किंवा कॅल्साइट.

यातले ह्यूलंडाइट आणि स्टिल्बाइट ज्या खनिजकुळातले, त्या झिओलाइट कुळाला नाव मिळालं १७५६ मध्ये. क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा एक दगड फुंकनळीच्या ज्योतीत धरला, तर तो फसफसला. म्हणून ग्रीकमधून ‘उकळणारा दगड’. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी असतं, ते तापवल्यावर निघून जातं. ॲपोफायलाइट झिओलाइटच्या पंगतीला बसत असला तरी त्या कुळातला नाही. तो तापवला की त्याचे पापुद्रे सुटतात, नावाचा अर्थही तोच.

आपल्याकडचे नमुने डोळ्यांत भरले ते बोरघाटामुळे. १८५६ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने घाट फोडायला घेतला आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. मधल्या काळात २५ बोगदे खोदले गेले, पटकीच्या साथीत हजारो मजूर गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, काम पुढे नेलं. सुरुंगाच्या दारूने खडकासोबत पोकळ्याही उघडल्या. त्यातले स्फटिक साहेबांच्या पेट्यांतून बोटीने विलायतेला गेले. मजुरांच्या दृष्टीने तो राडारोडाच असणार.

पुढची शंभर वर्षं थोड्याफार फरकाने हेच चाललं. विहीर खणली, रस्त्यासाठी डोंगर कापला, खडीसाठी खाण लावली, की स्फटिक हाती लागायचे आणि क्रशरमध्ये जायचे. चित्र पालटलं ते १९७०च्या आसपास, परदेशी व्यापारी थेट खाणींवर पोचू लागले तेव्हा. त्यांतला एक अमेरिकन, रॉक क्युरिअर. नाव रॉक आणि धंदाही दगडांचा! घण घालणाऱ्याला कळलं की एखादी पोकळी दिवसभराच्या खडीपेक्षा जास्त पैसे देते. मग स्फटिक छन्नीने हळूच सोडवून कागदात गुंडाळले जाऊ लागले.

स्टिल्बाइट आपल्याकडे पैशाला पासरी. मध्ये आवळून बांधलेल्या पेंढीसारखा, फिकट गुलाबी-पीच रंगाचा. स्कोलेसाइट म्हणजे पांढऱ्या सुयांचा पंखा. ओकेनाइट तर कापसाचा बोळाच, पण बोटाने दाबलात तर तंतू चपटे होतात ते कायमचे. असा दाबलेला नमुना जाणकार लांबूनच ओळखतो. मुंबईच्या मालाड-कांदिवलीच्या खाणी हिरवट प्रेह्नाइटसाठी नावाजल्या, जळगाव जिल्हा ॲपोफायलाइट आणि स्टिल्बाइटसाठी. हिरव्या ॲपोफायलाइटची कीर्ती मात्र पुण्याच्या पाषाणची. गावाचं नावच पाषाण, आणखी काय हवं!

दुर्मिळांत माझ्या लेखी पहिला मान कॅव्हनसाइटचा. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका हे त्याचे घटक. नावही त्यांच्याच इंग्रजी आद्याक्षरांचं. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये १९६७ मध्ये तो सापडला, तोही अगदी बारीक. मग १९८०च्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळ वाघोलीच्या खडीच्या खाणींत तो भरभरून निघू लागला. फिकट स्टिल्बाइटवर गर्द निळे काटेरी गोळे, कोणीतरी रंगवून चिकटवावेत तसे. नवख्याला तो नकलीच वाटतो. त्याचा जुळा भाऊ पेंटागोनाइट, रासायनिक सूत्र तेच पण अणूंची मांडणी वेगळी, तोही वाघोलीतच मिळाला. नाशिकने दिला पॉवेलाइट, मॉलिब्डेनमचं पिवळसर खनिज. इतरत्र तो सहसा बारीक असतो, नाशिककडे काही सेंटिमीटरचे स्फटिक मिळाले, आणि अतिनील दिव्याखाली ते उजळतात. पांडवलेण्यांजवळच्या खाणीतला गूसक्रीकाइट त्याहून विरळा. तो मुळात अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा, १९८० मध्ये नोंदलेला.

हा ऐवज इथल्या इथे पाहायला मिळावा म्हणून के. सी. पांडे यांनी सिन्नरला संग्रहालय उभं केलं. त्याचं नाव ‘गारगोटी’. मला हे नाव फार आवडतं, कारण ते शेताच्या बांधावरून थेट उचललेलं आहे.

जुन्या संग्रहांतल्या चिठ्ठ्यांवर मात्र बहुधा एकच शब्द असतो, ‘पूना’. खाण कोणती, गाव कोणतं, काही नाही. कधी व्यापाऱ्याला ठिकाण फोडायचं नसायचं, कधी त्यालाच ठाऊक नसायचं. त्यामुळे ‘पूना’ लिहिलेला दगड नगरचा निघतो, कधी जळगावचाही. आणि जो खरोखर पाषाणचा आहे, त्याची खाण शोधायला आज गेलात तर तिथे सोसायट्या उभ्या दिसतील.