इमोजी शोधताना कॉम्प्युटर चित्र बघतच नाही

कीबोर्डच्या सर्चमध्ये आपण 'हसू' वगैरे काहीतरी टाइप करतो, समोर चार चेहरे येतात, एक दाबून मोकळे होतो. यामागे बऱ्याचदा एक छोटी लायब्ररी असते, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, आपल्या प्रोग्रॅमला नुसता जोडायचा. ती उघडून बघितली तर आत चित्र एकही नसतं, असतात ते फक्त नंबर आणि शब्द.

नंबर युनिकोडचे, म्हणजे जगभरच्या प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला एक ठरलेला नंबर देणाऱ्या यादीचे. आपल्या 'अ' चा नंबर २३०९, तसा हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्याचा १२८५१४. चित्र असतं फोनच्या फॉन्टमध्ये, म्हणून एकच इमोजी दोन फोनवर वेगवेगळा दिसतो. २०१० साली युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत शेकडो इमोजी एकदम आले आणि आता सगळे धरून ३,७०० च्या वर गेलेत.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत युनिकोडडेटा नावाचं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा तुकडा, आयतंच मिळतं. त्याला चिन्ह दिलं की नाव सांगतं, नाव दिलं की चिन्ह. पण आई, बाबा, मुलगी, मुलगा असा कुटुंबाचा इमोजी देऊन बघा, लगेच एरर येते, कारण दिसायला एक असला तरी तो ७ कॅरेक्टरचा, म्हणजे ७ नंबरांचा आहे: चार माणसं आणि त्यांच्यामध्ये तीन वेळा 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं कॅरेक्टर, नंबर ८२०५. आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे हा जॉइनर आपल्या ओळखीचाच आहे! 'आचार्यांना' आणि 'आचार्‍यांना' यातला फरक दाखवायला, म्हणजे दुसऱ्या शब्दातला तो वेगळा र लिहायला, तोच ८२०५ वापरता येतो.

म्हणून पायथनची 'इमोजी' नावाची वेगळी लायब्ररी कामाला येते. तिच्याकडे अशा जोडून झालेल्या इमोजींचीही यादी असते, आणि मजकूर वाचताना जितका लांब तुकडा यादीशी जुळेल तितका ती एक इमोजी म्हणून धरते, नाहीतर एका कुटुंबाची चार सुटी माणसं मोजली गेली असती. मजकुरातल्या इमोजींच्या जागी त्यांची नावं टाकायची आणि नावांचे परत इमोजी करायचे, ही दोन्ही कामं ती एकेका ओळीत करते. जावास्क्रिप्ट ही दुसरी भाषा वापरणाऱ्यांसाठी 'नोड-इमोजी' ही लायब्ररी आहे, तिला नावाचा अर्धामुर्धा तुकडा दिला तरी जुळणारे इमोजी काढून देते.

आता खरी गंमत नावांची. नाकातून वाफा सोडणारा हा चेहरा 😤 आपण सगळे रागासाठी वापरतो, पण युनिकोडमधलं त्याचं अधिकृत इंग्रजी नाव आहे 'फेस विथ लुक ऑफ ट्रायम्फ', म्हणजे 'विजयी मुद्रेचा चेहरा'. आणि एकदा दिलेलं नाव युनिकोड कधीच बदलत नाही, तसा नियमच आहे, कारण जुने प्रोग्रॅम त्यावर अवलंबून असतात. म्हणजे नुसत्या अधिकृत नावात शोधलं तर 'राग' टाकून हा चेहरा मिळणारच नाही. त्यासाठी युनिकोडवाल्यांनीच सीएलडीआर नावाचा वेगळा साठा ठेवलाय, त्यात प्रत्येक इमोजीचं सोपं नाव आणि शोधायला उपयोगी पडणारे शब्द असतात, अनेक भाषांत, मराठीतही! माझं तर स्पष्ट मत आहे की चांगला इमोजी सर्च म्हणजे नव्वद टक्के हे शब्द आणि दहा टक्के कोड.

मात्र मराठी शब्द नुसते यादीत असून भागत नाही. यादीत 'फूल' आहे आणि माणसानं टाइप केलं 'फुलांचा', तर कॉम्प्युटरच्या लेखी फ सोडला की पुढचंच कॅरेक्टर वेगळं, एकात दीर्घ ऊकार, दुसऱ्यात ऱ्हस्व, त्यामुळे सुरुवात जुळवून शोधणारा कोड तिथेच थांबतो. 'पाणी' आणि 'पाण्यात' चं तेच. मी माझ्या प्रोग्रॅममध्ये दोन साध्या गोष्टी केल्या: तुलना करण्याआधी दोन्हीकडचे दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करून घेतले आणि यादीतल्या शब्दाची शेवटची मात्रा काढून टाकली. मग 'फूल' चं झालं 'फुल', 'पाणी' चं 'पाण', आणि 'फुलांचा' टाकल्यावर फुलं, 'पाण्यात' टाकल्यावर पाण्याचे थेंब बरोबर समोर आले.