बुडत्या कार्बनचा हिशेब थोरियमकडे कसा आला

वनस्पतिप्लवक, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, दिवसाला किती कार्बन बांधतात हे मोजण्याची सोय डेन्मार्कच्या स्टीमन नील्सन यांनी १९५२ साली करून दिली. समुद्राच्या पाण्यात कार्बन-१४ असलेले बायकार्बोनेट घालायचे, बाटली ठरावीक वेळ उजेडात ठेवायची आणि गाळणीवर उरलेल्या पेशींचा किरणोत्सार मोजायचा. यातून बांधलेला कार्बन कळतो, बुडालेला नाही. बराचसा कार्बन वरच्या वरच खाल्ला जाऊन पुन्हा पाण्यात मिसळतो. खाली गेलेल्या वाट्याचा माग भलत्याच मूलद्रव्यांनी दिला.

समुद्रात युरेनियम कार्बोनेटला बांधलेले, विरघळलेलेच राहते. कणांकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून युरेनियम-२३८ चे प्रमाण क्षारतेवरूनच काढता येते. क्षारता ३५ असेल, तर लिटरमागे मिनिटाला सुमारे २.४ विघटने. त्याच्या क्षयातून थोरियम-२३४ तयार होते, अर्धायुकाल २४.१ दिवस. त्याचा स्वभाव नेमका उलटा. पाण्यात पडताच ते हायड्रॉक्साइडकडे वळते आणि मिळेल त्या पृष्ठभागाला चिकटते: पेशी, प्राणिप्लवकांच्या लेंड्या, प्लवकांनी सोडलेली बुळबुळीत शर्करा. थोरियम जागच्या जागी राहिले, तर काही महिन्यांत दोघांची किरणोत्सारिता सारखी होते. वरच्या थरात तूट दिसली, म्हणजे कण थोरियम घेऊन बुडाले.

ही तूट दाखवणारा आद्य निबंध १९६९ चा, आणि तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटातून आला, हे आपल्याकडेही फारसे सांगितले जात नाही. १९८० च्या दशकात कोल आणि ब्रूलँड यांनी कॅलिफोर्नियाच्या प्रवाहात या तुटीचा प्लवकांच्या उत्पादनाशी संबंध लावला. उत्तर अटलांटिकमधल्या १९८९ च्या वसंत बहराच्या, म्हणजे प्लवकांच्या झपाट्याच्या वाढीच्या, मोजणीनंतर, १९९२ मध्ये ब्यूसेलर व सहकाऱ्यांनी या तुटीवरून कार्बनचा ओघ काढला.

गणित सोपे आहे. १०० मीटर थरात सरासरी तूट लिटरमागे मिनिटाला ०.५ विघटने धरा. चौरस मीटरखाली ती ५०,००० होते. क्षयांक, म्हणजे रोज क्षय पावणारा वाटा, दिवसाला ०.०२८८, म्हणजे रोज १,४४० इतके थोरियम बुडते. कणांवर दर विघटनामागे ५ मायक्रोमोल कार्बन असेल, तर ओघ ७.२ मिलिमोल. खरी गोम त्या ५ मध्ये आहे. हे गुणोत्तर कणाच्या आकाराने, खोलीने आणि प्लवकांच्या जातीने बदलते. ते दुप्पट धरले की उत्तरही दुप्पट. शिवाय बहर चढता-उतरता असताना स्थिर अवस्था, म्हणजे तूट दिवसागणिक बदलत नाही असे, गृहीत धरता येत नाही. अरबी समुद्राच्या किनाऱ्यालगत पावसाळ्यात खालचे, थोरियमची तूट नसलेले पाणी वर येते. ते हिशेबात घेतले नाही, तर ओघ कमी दिसतो.

सुरुवातीला शेकडो लिटर पाणी पंपाने गाळावे लागे. २००१ च्या सुमारास ते २ ते ४ लिटरवर आले. नमुना आधी नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली आणायचा, म्हणजे भिंतींना चिकटलेले थोरियम सुटते. शेवटी किती थोरियम हाती लागले हे कळावे म्हणून मोजून थोरियम-२३० घालायचे आणि ते मिसळायला काही तास द्यायचे. मग अमोनियाने सामू ८ च्या वर न्यायचा, पोटॅशियम परमँगनेट आणि मँगनीज क्लोराइड घालायचे. तपकिरी साका बसतो, थोरियम त्यात अडकते. युरेनियम पाण्यातच राहते. गाळायला उशीर केला तर ते बाटलीत नवे थोरियम तयार करत बसते. अभिकारक जास्त पडले की साका जाड होतो आणि बीटा कण स्वतःच अडवतो. बाटली नीट खंगाळली नाही तर थोडा साका आतच राहतो. ही गळती थोरियम-२३० च्या हिशेबाने पकडता येते.

साका गाळून घेतलेली क्वार्ट्झची गाळणी वाळवून, मायलर या प्लास्टिकच्या आणि ॲल्युमिनियमच्या पापुद्र्याखाली बीटा मोजणीयंत्रात जाते. मोजले जातात ते प्रत्यक्षात थोरियमच्या अल्पजीवी अपत्याचे, प्रोटॅक्टिनियम-२३४ चे, जोरकस बीटा कण. तीच गाळणी सुमारे सहा महिन्यांनी पुन्हा मोजतात. थोरियम-२३४ तोवर संपलेले असते, जे उरते ते वजा करायचे.