एकटा रेणू दिसायला लागला तो कसा

जिवंत पेशीतला एकच रेणू साध्या प्रकाशात बघायचा म्हटलं की लोक लगेच जर्मन शास्त्रज्ञ आबेचा नियम काढतात. १८७३ सालचा. साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसणार नाहीत असं तो सांगतो, आणि प्रोटीन तर जेमतेम काही नॅनोमीटरचं. पण ठिपका एकटाच असेल तर हा नियम आडवा येत नाही, कारण तो पसरट दिसला तरी त्याचा मध्य काढता येतो, जितके जास्त फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मिळतील तितका नेमका. खरी अडचण होती आजूबाजूच्या उजेडाची. अमावस्येला माळावरचा कंदील लांबूनही दिसतो, जत्रेत नाही दिसत.

म्हणून सुरुवात झाली ती सजीवांपासून फार लांब. १९८९ मध्ये आयबीएमच्या अल्माडेन लॅबमध्ये मोर्नर आणि काडोरने द्रव हेलियमच्या थंडीत, क्रिस्टलमध्ये अडकलेल्या पेंटासीन नावाच्या सेंद्रिय संयुगाच्या एकेका रेणूने शोषलेला प्रकाश पकडला. त्या थंडीत कुठली पेशी जगणार! मग १९९५ ला जपानमध्ये यानागिदांच्या टीमने पाण्यातच मायोसिन या स्नायूतल्या प्रोटीनचे एकेक रेणू दाखवले, युक्ती अशी की काचेला लागून असलेला शंभरेक नॅनोमीटरचा थर तेवढा उजळायचा, बाकी सगळा अंधार, आणि २००० मध्ये तेच जिवंत पेशीच्या पडद्यावर जमलं.

पेशीच्या आतल्या प्रोटीनला रंग कसा लावायचा हा प्रश्न जेलीफिशने सोडवला. शिमोमुरांना १९६२ मध्ये सापडलेल्या हिरव्या प्रोटीनचा जीन चाल्फींनी १९९४ मध्ये बॅक्टेरियात आणि जंतात घातला आणि ते आपापले चमकायला लागले.

मला सगळ्यात आवडतो तो हार्वर्डच्या शी यांच्या लॅबमधला २००७ चा प्रयोग. ई. कोलाय या बॅक्टेरियातला लॅक रिप्रेसर, म्हणजे जीन बंद ठेवणारं एक प्रोटीन, डीएनएवर बसला की घट्ट ठिपका दिसतो, फिरत असला की त्याचा उजेड पेशीभर फासला जातो, म्हणजे रेणू काय करतोय ते नुसत्या ठिपक्यावरून कळतं!

आख्खा गर्भ मात्र जाड, तिथे काचेजवळची युक्ती चालत नाही, म्हणून बाजूने प्रकाशाची पातळ पात सोडायची. अशाच पातीने २०१७ मध्ये फळमाशीच्या गर्भात बायकॉइड या जीन चालू करणाऱ्या प्रोटीनचे रेणू दिसले, डीएनएवर सेकंदभर टेकून उठणारे, आणि ते विरळ असतात तिथेही घोळक्याने जमतात म्हणून त्यांचं काम चालतं असं त्यातून पुढे आलं.