पिकरिंग पायसे, वनस्पतिजन्य कणांची

तेल व पाणी यांच्या सीमापृष्ठावर बारीक घन कणांचा थर बसवून टिकवलेल्या पायसांना (पायस म्हणजे इमल्शन, एका द्रवात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवाचे थेंब विखुरलेले मिश्रण) पिकरिंग पायसे म्हणतात. येथे अन्नपदार्थांतील आणि वनस्पतींपासून मिळणाऱ्या कणांवर आधारलेल्या पायसांचाच विचार केला आहे. सोलापूर जिल्ह्याचा या विषयाशी संबंध येतो तो मुख्यतः रब्बी ज्वारीमुळे.

लेसिथिनासारख्या पायसीकारकांचे (थेंब टिकवणाऱ्या पदार्थांचे) रेणू सीमापृष्ठावर सतत ये-जा करतात. कण मात्र एकदा बसला की सहसा सुटत नाही. तो सोडवण्यास लागणारी ऊर्जा कणाची त्रिज्या, सीमापृष्ठताण (तेल-पाण्याच्या सीमेवरील ताण) व स्पर्शकोन (सीमापृष्ठ कणाला ज्या कोनात भिडते तो) यांवर ठरते. त्रिज्या १० नॅनोमीटर, ताण ५० मिलिन्यूटन प्रति मीटर आणि कोन ९०° धरल्यास ती औष्णिक ऊर्जेच्या (उष्णतेमुळे होणाऱ्या कणांच्या हालचालीच्या ऊर्जेच्या) सुमारे ३,८०० पट भरते. पाण्याच्या बाजूने मोजलेला कोन ९०° हून कमी असेल तर तेलाचे थेंब पाण्यात विखुरतात, जास्त असेल तर पाण्याचे तेलात. हा संबंध फिंकल, ड्रेपर व हिल्डेब्रँड यांनी १९२३ मध्ये मांडला. कण मोठे असले तर थेंबही मोठे राहतात व वर साय धरतात, म्हणजे वर तरंगून थर करतात; मात्र साय धरणे म्हणजे पायस फुटणे नव्हे.

शोधाचे श्रेय वादाचे आहे. पायसांना नाव मिळाले ते इंग्रज रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर पिकरिंग यांचे. इंग्लंडमधील वोबर्न येथील फळबागेच्या प्रयोगक्षेत्रावर कीडनाशक फवारे तयार करताना तांबे व लोह यांच्या अल्कधर्मी सल्फेटांच्या साक्याने पॅराफिन तेल पाण्यात टिकून राहते, असे त्यांना आढळले. त्यांचा निबंध १९०७ चा. परंतु वॉल्टर रॅम्सडेन यांनी १९०३ मध्येच द्रावणांच्या पृष्ठथरात घन पदार्थ साचतो व त्यामुळे थेंब टिकतात, असे दाखवले होते. पिकरिंग यांनी स्वतः त्यांचा उल्लेख केला आहे. रॅम्सडेन यांचे मूळ लक्ष प्रथिनांच्या पापुद्र्यांवर होते, म्हणून त्यांचे काम वेगळे मानावे असा एक पक्ष आहे. कालक्रम पाहता ‘रॅम्सडेन पायस’ हे काहींनी वापरलेले नाव अधिक न्याय्य वाटते. अन्नशास्त्रात या विषयाला जोर आला तो साधारण २००० नंतर.

वनस्पतिजन्य कणांत स्टार्च आघाडीवर आहे. नैसर्गिक स्टार्चकण तेलाला फारसे चिकटत नाहीत, म्हणून त्यांवर ऑक्टेनिल सक्सिनिक गट जोडतात (अन्नपूरक क्र. १४५०, गटाचे प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत). किन्वा या धान्यासारख्या बियांच्या स्टार्चचे कण १ ते ३ मायक्रोमीटर असल्याने त्यांना पसंती मिळते. ज्वारीचे त्यांच्या कित्येक पट मोठे असतात. सेल्युलोजाचे नॅनोस्फटिक (अतिसूक्ष्म स्फटिक) व मक्यातील झेइन हे प्रथिन हेही वापरले जातात.

ज्वारीच्या स्टार्चपेक्षा तिच्यातील काफिरिन हे प्रथिन येथे महत्त्वाचे. ते पाण्यात विरघळत नाही, जलमिश्रित अल्कोहोलात विरघळते. असे द्रावण पाण्यात ओतले की प्रथिन बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडते. झेइनपेक्षा ते अधिक जलविरोधी आहे आणि ग्लुटेनमुक्तही. काफिरिन कणांवरील पायसांचे प्रयोग २०१६ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. अडचण अशी की प्रथिनाच्या समविद्युत् बिंदूजवळ (ज्या आम्लतेला त्यावरील एकूण विद्युत् भार शून्य होतो तिच्या आसपास) कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. मोहोळच्या निवडीतून आलेली मालदांडी (एम ३५-१) आणि मंगळवेढ्याची ज्वारी यांमुळे कच्चा माल या जिल्ह्यात आहेच. पण तो जातो भाकरीला.

सोलापुरी शेंगा चटणी मात्र या व्याख्येत बसत नाही. उखळात कुटताना दाण्याचे तेल सुटते व कण त्यात भिजतात, परंतु पाणी नसल्यातच जमा असल्याने ते पायस ठरत नाही. चटणीत दही कालवल्यावर पाणी येते व तेलाचे काही थेंब विखुरतात. तथापि दह्यातील केसीन हे प्रथिनही थेंबांवर बसत असल्याने त्यांच्या टिकण्याचे श्रेय केवळ दाण्याच्या कणांना देता येत नाही.