रानडुकराच्या यकृतातली बारा कोसांची बोली

जपानच्या ह्योगो भागात चार जणांना हेपटायटिस ई, म्हणजे यकृताला सूज आणून कावीळ करणारा विषाणूजन्य आजार, झाला. चौघांनीही सहा-सात आठवड्यांपूर्वी सिका हरणाचं कच्चं मांस खाल्लं होतं. असा तपास एरवी इथेच अडतो, कारण हा विषाणू शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात. तोवर संशयित जेवणाची भांडीही कधीच घासून झालेली असतात. या वेळी मात्र त्या हरणाचं थोडं मांस फ्रीझरमध्ये उरलं होतं. त्यातून विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, मिळाला, रुग्णांकडूनही मिळाला, आणि तपासलेला तुकडा दोन्हीकडे अक्षरशः एकच निघाला. घरातल्या ज्यांनी ते मांस खाल्लंच नव्हतं किंवा जेमतेम चाखलं होतं, त्यांना लागण नव्हती. ही हकिगत २००३ साली प्रसिद्ध झाली.

‘अक्षरशः’ हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. हेपटायटिस ई विषाणूचा सगळा संसार सुमारे ७,२०० अक्षरांच्या एका आरएनए धाग्यावर चालतो. अक्षरं चारच, पण त्यांचा क्रम हीच त्या विषाणूची ओळख.

आता हरणाला तो कुठून आला? पुढच्याच वर्षी त्याच भागातल्या एका रानडुकरातल्या विषाणूचा क्रम वाचला गेला आणि तो हरणातल्या व रुग्णांमधल्या विषाणूशी जवळजवळ जुळला. २००५ साली तर थेट रानडुकराच्या मांसाचाच पुरावा आला. तिथेही फ्रीझरच कामी आला. उरलेल्या मांसातला विषाणू आणि ते खाऊन आजारी पडलेल्या बाईच्या रक्तातला विषाणू, यांच्या कवचाच्या जनुकातली सगळी १,९८० अक्षरं ताडून पाहिली, तर फरक एका अक्षराचा.

एका अक्षराचा फरक म्हणजे किती जवळचं नातं? आरएनए विषाणू स्वतःची नक्कल काढताना सतत चुका करतात. हेपटायटिस ईच्या बाबतीत ढोबळमानाने वर्षाला हजार अक्षरांमागे एक बदल टिकून राहतो. त्या हिशेबाने १,९८० अक्षरांत एकच फरक म्हणजे दोन्ही विषाणूंचा पूर्वज अगदी अलीकडचा. उलट या विषाणूचे जीनोटाइप, म्हणजे क्रमावरून पाडलेले मोठे गट, घेऊन त्यातले ३ आणि ४ शेजारी ठेवले, तर पाचवा हिस्सा अक्षरं तरी वेगळी दिसतात.

रानडुक्कर या विषाणूला मानवतं, कारण ते आजारीच पडत नाही. आईकडून मिळालेली प्रतिकारद्रव्यं ओसरली की पिल्लांना लागण होते, काही आठवडे विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहतो, आणि माद्या-पिल्लांचा अख्खा कळप एकाच मातीत नाक खुपसून खात असतो. शिवाय पाळीव डुक्कर आणि युरेशियातलं रानडुक्कर ही जात एकच, त्यामुळे विषाणूला कुंपण ओलांडणं फारसं जड जात नाही.

अभ्यासासाठी जिवंत रानडुक्कर पकडत बसणं कोणालाच परवडत नाही. नमुने बहुतेक वेळा शिकाऱ्यांकडूनच येतात. जनावर फाडताना यकृताचा तुकडा आणि जमलं तर थोडं पित्त. विषाणू यकृतात वाढतो आणि पित्तावाटे आतड्यात उतरतो, म्हणून या दोन जागा हमखास. आरएनए मुळात नाजूक, उन्हात पडलेल्या जनावरात त्याचे तुकडे होतात, म्हणून नमुना लगेच गारठवावा लागतो. प्रयोगशाळेत तुकडा भरडून आरएनए वेगळा करायचा, त्याची डीएनए प्रत काढायची, पीसीआरने, म्हणजे तिच्या असंख्य नकला काढणाऱ्या तंत्राने, ती वाढवायची आणि वाचायची. त्यातही दरवेळी ७,२०० अक्षरं वाचून होत नाहीत. बरेचदा तीनचारशे अक्षरांच्या तुकड्यावरच भागवलं जातं.

अशा तुकड्यांचा वंशवृक्ष मांडला की गंमत दिसते. आपल्याकडे म्हणतात, दर बारा कोसांवर भाषा बदलते. रानडुकरांमधल्या विषाणूचंही बरंचसं तसंच आहे. एका जंगलातले क्रम एका फांदीवर गोळा होतात, दुसऱ्या जंगलातले वेगळ्या फांदीवर. माद्यांचे कळप आपला मुलूख सहसा सोडत नाहीत, म्हणून विषाणूची स्थानिक बोली टिकते. भलत्याच फांदीवरचा क्रम एखाद्या जंगलात दिसला की मग प्रश्न विचारायचे: लांबून आलेला नर, माणसाने आणून सोडलेली जनावरं, की पाळीव डुकरांची घाण?

इथे मला थोडी सावधगिरी महत्त्वाची वाटते. वंशवृक्ष नातं सांगतो, दिशा सांगत नाही. पाळीव डुकराचा आणि रानडुकराचा क्रम एकाच फांदीवर आला म्हणून रानातून गोठ्यात विषाणू आला असं ठरत नाही. तो गोठ्यातूनही रानात गेलेला असू शकतो, किंवा दोघांना तिसरीकडून मिळालेला असू शकतो. त्यातून तीनचारशे अक्षरांचा तुकडा फारसा न बदलणाऱ्या भागातला असेल, तर दूरचे भाऊबंदही सख्खे वाटू लागतात. ह्योगोची साक्ष पक्की ठरली ती केवळ क्रमामुळे नाही. कोणी, कधी, काय खाल्लं याची नोंद तिच्याबरोबर होती.

क्रम कधीकधी प्राण्याला निर्दोषही सोडतो. जीनोटाइप १ आणि २ माणसातच फिरतात आणि दूषित पाण्यातून मोठ्या साथी आणतात. डुक्कर, रानडुक्कर आणि हरणांकडून येतात ते ३ आणि ४. पश्चिम भारतातल्या डुकरांमधला विषाणू तपासला तेव्हा तो जीनोटाइप ४ निघाला, माणसांमधला मात्र १. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे तिथल्या काविळीचा दोष डुकरांवर टाकता येईना.

शिजवण्याबद्दल एकच आकडा: डुकराच्या यकृताच्या पदार्थावरच्या एका प्रयोगात विषाणू पूर्ण निष्प्रभ व्हायला आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअस २० मिनिटं टिकवावं लागलं. बाहेरून खरपूस आणि आतून गुलाबी, हे रानडुकराच्या बाबतीत चालणार नाही. जपानने तर २०१५ साली हॉटेलांमध्ये डुकराचं कच्चं मांस आणि यकृत वाढायलाच बंदी घातली.

राहिले जीनोटाइप ५ आणि ६. हे जपानी रानडुकरांत सापडले, कावीळ झालेल्या माणसात नाहीत. पण प्रयोगशाळेत जीनोटाइप ५चा विषाणू माकडांना टोचला, तेव्हा त्यांना लागण झाली.